पस्तीस मिनिटं आणि फाटकवाल्या वन्सं

माझ्या नणंदबाई वीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर आहेत. वयाने माझ्याहून पाच वर्षांनी लहान, पण मी या घरात आले तेव्हापासून त्यांना ‘वन्सं, तुम्ही’ म्हणते आणि त्या मला खुशाल ‘वहिनी, तू’ म्हणतात. नात्याचा मान वय विचारून मिळत नाही.

फाटकाशेजारी त्यांची एवढीशी खोली. टेबल, फोन, घड्याळ, खिळ्याला टांगलेली दोन निशाणं. फोन आला की चाक फिरवून फाटक खाली घ्यायचं आणि कुलूप लावायचं. त्यानंतरच सिग्नल हिरवा होऊ शकतो. हे काम त्या दिवसातून वीसेक वेळा करायच्या आणि प्रत्येक वेळी कुलूप दोनदा ओढून बघायच्या.

तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या फाटकावर अपघात झाला. एक ट्रक रुळावर आला, गाडीचा धक्का लागून उलटला. माणसं वाचली, पण तिथले फाटकवाले बुवा चौकशीत अडकले. बुवांची निवृत्ती वर्षावर आलेली. साक्षीला वन्सं होत्या, कारण गाडीचा फोन दोन्ही फाटकांवर एकदमच जातो.

चौकशी अधिकारी खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून म्हणाले, “फाटक उघडं असलं तर ट्रक रुळावर जातो. ट्रक रुळावर होता. म्हणजे फाटक उघडं होतं. सरळ आहे.”

वन्सं उभ्या राहिल्या. “साहेब, झोपलेल्या माणसाचे डोळे मिटलेले असतात. म्हणून डोळे मिटलेला प्रत्येक माणूस झोपलेलाच असतो का?”

साहेबांनी खाडकन डोळे उघडले.

“ट्रक बंद फाटक तोडूनही आत येतो,” वन्सं पुढे म्हणाल्या. “आता हे बघा. कुलूप लागलं तरच सिग्नल हिरवा होतो. त्या वेळी सिग्नल हिरवा होता, हे तुमच्याच नोंदीत आहे. मग कुलूप लागलेलंच होतं.”

बुवा सुटले. साहेब कागद आवरत कुत्सितपणे म्हणाले, “बाई, तुम्ही वकीलच व्हायला हवं होतं.” सगळे हसले. वन्सं मात्र हसल्या नाहीत. त्याच संध्याकाळी आमच्या घरी येऊन मला विचारलं, “वहिनी, वकील व्हायला काय लागतं गं?”

पदवी त्यांनी बाहेरून परीक्षा देऊन घेतली होतीच. लागणार होती ती प्रवेश परीक्षा. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून शिकवणीही माझ्याच गळ्यात पडली. आमच्या जेवणाच्या टेबलावर मी पहिला सराव पेपर ठेवला. तर्काचे तीस प्रश्न, पस्तीस मिनिटं. वेळ संपली तेव्हा त्यांचे सोळा झाले होते. सोळाच्या सोळा बरोबर!

“एकही चुकला नाही,” त्या खुशीत म्हणाल्या.

“वन्सं, चौदा कोरे राहिलेत.”

“मग? घाई करून चुकू?”

जर-तरचे प्रश्न त्यांना हातचा मळ होते. ‘जर’ आणि ‘तरच’ यांतला फरक मी वर्गात तासभर घसा फोडून सांगते, तो या बाई कुलूप-सिग्नल करत जगल्या होत्या. नडायचे ते मांडणीचे प्रश्न: सात माणसं, सात खुर्च्या, हा त्याच्या शेजारी नको, ती टोकाला हवी. पहिल्या परीक्षेत असल्या एका कोड्यात त्या बारा मिनिटं रुतून बसल्या. शेवटचे नऊ प्रश्न वाचायचेही राहिले. चार गुणांनी प्रवेश हुकला.

“झाली हौस,” आमचे हे म्हणाले. “आता नोकरी सांभाळ.”

वन्सं तीन दिवस आमच्याकडे आल्या नाहीत. चौथ्या दिवशी वही घेऊन हजर. “वहिनी, खोट डोक्यात नाही, स्वभावात आहे. हातात घेतलेलं मला टाकवत नाही. फाटकावर तोच गुण, इथे तोच अवगुण.”

मग त्यांनी स्वतःचंच मोजमाप काढलं. कुठल्या प्रश्नाला किती वेळ जातो, ते महिनाभर लिहून ठेवलं. जर-तरच्या प्रश्नाला पाऊण मिनिट, मांडणीच्या प्रश्नाला चार. त्यावरून ठरलं: पेपरात कुठेही असोत, जर-तरचे आधी शोधून सोडवायचे. दीड मिनिटात वाट दिसली नाही तर खूण करून पुढे. मांडणीचे शेवटी. आणि अखेरच्या मिनिटात उरलेल्या प्रश्नांना अंदाजाने उत्तर.

या अखेरच्या कलमावर आमचं भांडण झालं. “माहीत नसताना खूण करायची? ही तर खोटी सही झाली!”

“सही नाही हो ती! चुकलं तर गुण कापत नाहीत. कोरं सोडलं तर मिळायची आशाच नाही.”

तोंड वाकडं करून त्या कबूल झाल्या. कामावर वही उघडायची नाही हा त्यांचा दंडक, म्हणून सराव रोज सकाळी आमच्या टेबलावर. वर्षभर मी पोळ्या लाटता लाटता ओरडायचे, “दीड मिनिट झालं, सोडा!” आणि त्या दात-ओठ खात पान उलटायच्या.

दुसऱ्या परीक्षेहून आल्या त्या घामाने डबडबलेल्या. “चार माणसं बसवून झाली होती गं. तीनच उरली होती. हात सुटेना. पण दीड मिनिट झालं आणि सोडलं.” सत्तावीस सोडवले, तीन अंदाजाने. प्रवेश मिळाला, अकरा गुण वर राखून.

पेढ्यांचा पुडा घेऊन आमचे हे स्वतःच त्यांच्या घरी गेले. वन्संचं मात्र भलतंच. “अंदाजातला एक बरोबर आलाय. तो गुण माझा नाही, वहिनी.” अजूनही त्या तो वगळून दहाच सांगतात.

आता सकाळी कॉलेज, दुपारी फाटक. पहिल्या दिवशी पांढरट केसांच्या, इस्त्रीच्या साडीतल्या बाई आत शिरताना बघून अख्खा वर्ग उभा राहिला.

“बसा, बसा,” वन्सं म्हणाल्या. “मीही बसायलाच आलेय. जरा सरका.”