भाचीला नागपूरला न्यायचं की नाही

कोरोनाची दुसरी लाट ओसरली त्या पावसाळ्यात नांदुऱ्याच्या आमच्या घरात एकच भांडण चालू होतं. माझ्या अडीच वर्षांच्या भाचीला लस टोचून घ्यायला नागपूरला न्यायचं की नाही? एवढ्या लहान मुलांसाठी सरकारी लस नव्हतीच. नागपूरच्या एका दवाखान्यात लहानग्यांवर लशीची चाचणी होणार होती, त्यासाठी निरोगी मुलं हवी होती. वहिनीनं ते ऐकलं आणि हट्टच धरला.

तिची आई त्याच उन्हाळ्यात कोरोनानं गेली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली नाही तर आईला चारचौघींत मान खाली घालावी लागते. म्हणून दादानं टाळेबंदीतही वहिनीला लेकीसकट मोटारसायकलवर देऊळघाटला पोचवलं. रस-पोळी खाऊन ती परत आली आणि मागोमाग आई आजारी पडल्याचा फोन आला. ‘गर्दी टाळा’ ही पत्रकं आम्हा स्वयंसेवकांचा गट चौकाचौकात चिकटवत होता. पण लेक घरी येते, याला गर्दी कोण म्हणतं? कोणीच म्हटलं नाही. अजूनही आठवलं की संताप येतो.

दादाचं म्हणणं सरळ होतं. “माह्या पोरीवर प्रयोग? उंदीर हाय का ते?”

“अन् रोग आला म्हणजे काय करसान तुमी?” वहिनी विचारायची.

मग दोघं माझ्याकडे वळायचे. दादा म्हणायचा, “बोल न वं! गावभर पत्रकं वाटत फिरतं, घरातच काऊन तोंड शिवलं तुहं?”

शिवलं नव्हतं, पण काय बोलू? ‘लस सुरक्षित आहे, न घाबरता घ्या’, असं आम्ही छापायचो. मोठ्यांपुरतं ते खरं होतं. चाचणी म्हणजे मात्र लहानांना ती सुरक्षित आहे का, हेच अजून पाहायचं आहे. छापलेलं वाक्य भाचीपुढे ठेवणं म्हणजे धडधडीत खोटं. आणि ‘नेऊ नका’ म्हणावं, तर लशीनं मूलबाळ होत नाही म्हणणाऱ्यांच्या रांगेत मीही उभी. शिवाय कोणाची तरी पोरं पहिली जाणारच होती. ती कोणाची, हे भाषणं ठोकणाऱ्यांपैकी एकही जण बोलत नव्हता. ते एका आईनं चुलीपुढे बसून ठरवायचं!

शेवटी मीच दवाखान्यात फोन लावला. ताप येईल? त्रास झाला तर कोण बघणार? मधेच नाव काढता येईल? डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. “ताप येऊ शकतो. आम्ही बघू. नाव कधीही काढा. पण फायदा होईलच, असं मी सांगणार नाही. आधी रक्त तपासू.”

मी ते जसंच्या तसं घरात सांगितलं. “चला, कोणीतरी खरं बोललं,” वहिनी म्हणाली. दादानं हो म्हटलं नाही. चपला घातल्या आणि स्टेशनवर रिझर्वेशन करायला गेला.

रक्त घेताना वहिनीनं पोरीला छातीशी आवळून धरलं. पोरगी किंचाळली, मग शेजारच्या मुलाच्या हातातल्या बिस्किटाकडे बघत राहिली. लस टोचायची ती पुढच्या खेपेला.

ती खेप आलीच नाही. नंबर माझा दिला होता, फोन मलाच आला. चाचणीत घेता येणार नाही. तिच्या रक्तात खुणा सापडल्या होत्या. रोग तिला होऊन गेला होता, आणि चाचणीला तो न झालेलीच मुलं हवी होती. केव्हा, ते रक्तावरून सांगता येत नाही.

दादा मोठ्यानं हसला. “सुटलो बे! येऊन गेला अन् आपल्याले पत्ताच नाही!”

वहिनी भाकर थापत होती. तिचे हात थांबले. “आखाजीच्या आंधी पोरीले सर्दी होती,” ती म्हणाली. “म्या तशीच आईच्या मांडीवर देल्ली तिले.”



“वहिनी, उलटंही असंल,” मी म्हटलं. “आजीकडूनच तिले झाला असंल. कोणी कोणाले देल्ला, हे कोणालेच सांगता येत नाही.”

“तुमच्या पत्रकातबी नाही?”

“नाही.”

“मंग लिवा न, ताई. लहान्या लेकराले होते अन् दिसत नाही, असं लिवा. आमाले कोणी सांगतलंच नाही.”

तव्यावरची भाकर करपत होती, ती मी काढली. पोरगी अंगणात मांजरामागं धावत होती. वहिनी तिच्याकडे बघत राहिली, पण जेवायला हाक काही मारेना. शेवटी मीच पोरीला आत आणलं आणि भरवलं.