अंगणाच्या दाराची काच

जेद्दाहच्या अल अझीझियात राहत होतो तेव्हा खिडकी म्हणजे ऊन अडवायची जागा, एवढंच मला ठाऊक होतं. काचांना आतून चंदेरी कागद चिकटवायचा, त्यावर जाड पडदा ओढायचा आणि एसी लावायचा. पुढे मला तुरैफच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली. हे गाव पार उत्तरेला, जॉर्डनच्या सीमेजवळ. हिवाळ्यात सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरते. ‘सौदीत कसली आलीय थंडी?’ म्हणून आमच्या गावचे, गुहागरचे लोक मला हसतात. हसोत बापडे.

आमचं घर तळमजल्यावर होतं. हॉलमधून छोट्या अंगणात उघडणारं सरकतं काचेचं दार, आणि खिडक्याही तशाच सरकत्या. वारा सुटला की सगळं खडखडायचं आणि उंबऱ्याशी वाळूची रेघ उमटायची. त्या वर्षी सासूबाई आमच्याकडे आल्या. सासरे गेल्यावर गावी त्या एकट्याच होत्या. “ही थंडी झेपली तर राहीन गो, नाहीतर मला परत पाठव,” असं त्यांनी आल्या आल्याच सांगून टाकलं. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. घरी परतल्यावर ‘चहा ठेवू का?’ असं विचारणारं माणूस मला पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि मला ते सोडायचं नव्हतं. नवरा म्हणाला, “आईला आग्रह करू नकोस, ती उलट वागते.” म्हणून मी आग्रह न करता खिडक्यांच्या मागे लागले.

वारा नेमका कुठून शिरतो ते शोधायला मी उदबत्ती पेटवली आणि प्रत्येक चौकटीच्या कडेने फिरवली. धूर जिथे आडवा पळेल तिथे फट. मला अशी खिडकीखिडकीला ओवाळत चाललेली पाहून सासूबाईंनी आधी हात जोडले. कारण कळल्यावर म्हणाल्या, “मग एवढी चांगली उदबत्ती कशाला जाळतेस?” जिथे पाहावं तिथे धूर आडवाच पळत होता. घरमालकांना बोलावून तो प्रयोग पुन्हा करून दाखवला. ते वयस्कर सौदी गृहस्थ, बायकोसह वरच्या मजल्यावर नुकतेच राहायला आले होते. त्यांनी धुराकडे पाहून मान डोलावली. “खलास, ठरलं. दारं-खिडक्या मी बदलतो. काच तुम्ही पसंत करा,” असं म्हणाले.

दुकानात मी अर्धा दिवस काढला, आणि खरं सांगते, मला मजा आली. सरकतं दार कितीही घट्ट केलं तरी फट ठेवतंच. बिजागरीचं दार मात्र रबरावर दाबून बसतं. दोन काचा, मध्ये कोंडलेली हवा. केरळच्या विक्रेत्याने लायटर पेटवून काचेसमोर धरला आणि ज्योतीची प्रतिबिंबं मोजायला लावली. चार दिसली, म्हणजे काचा खरंच दोन. मग त्याने एक लाकडी खोकं काढलं. आत तापलेला दिवा, पुढे काच सरकवायची खाच. “मॅडम, हाथ रखिए.” साध्या काचेतून तळव्याला चटका जाणवला. आरशासारखी काच सरकवली आणि चटका जवळजवळ नाहीसाच झाला. लॅबवाल्या बाईला आणखी काय हवं? शिवाय बाहेरून आतलं दिसत नाही, म्हणजे वरच्या मजल्यावरून आमच्या हॉलमध्ये नजर पडायचाही प्रश्न मिटला. मी सगळीकडे आरसाकाचच सांगितली.

काचा बसल्या त्या दिवशी उदबत्तीचा धूर सरळ वर गेला. दार खडखडेना, वाळू येईना. माझी कॉलर ताठ झाली.

आठवडाभरात सासूबाई दोन स्वेटर आणि त्यावर शाल घेऊन बसू लागल्या. दुपारी घरी यावं तर त्या अंगणात उभ्या, कानाला मफलर, मेथीच्या कुंड्यांपाशी. हीटर लावला की घसा कोरडा पडतो म्हणत. एक दिवस त्यांनी पोळी लाटता लाटता सांगितलं, “माझं तिकीट काढ हो.” मला रागच आला. एवढं करून मेलं हेच फळ? वारा बंद केला, धूर सरळ केला, आता आणखी काय करायचं?

पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्या आंघोळीला गेल्या होत्या, तेव्हा मी अंगणाच्या दारापाशी त्यांच्या चटईवर जाऊन बसले. बाहेर लख्ख ऊन होतं. आत संध्याकाळ झाल्यासारखं. काचेसमोर तळवा धरला. काही नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जुन्या दारातून वारा यायचा, पण ऊनही यायचं, आणि दुपारपर्यंत सासूबाईंची चटई त्या उन्हामागून सरकत असायची. दुकानात मी तळव्याचा चटका गेला म्हणून टाळ्या पिटल्या, आणि तोच चटका त्यांना हवा होता. जेद्दाहची सवय मी तुरैफच्या दाराला बसवली होती.

घरमालकांना पुन्हा खाली बोलावलं. अंगणाच्या दाराला साधी दुहेरी काच लावायची, खर्च आमचा, असं सांगितलं. ते अवघडले. त्यांच्या वरच्या खिडकीतून आमचा हॉल सरळ दिसतो. घरातल्या बायकांवर परक्याची नजर पडणं त्यांच्यात लाजेची गोष्ट. मी धुरकट काच सुचवली, तर सासूबाई म्हणाल्या, “मेथी दिसायला नको का?” ते मी अरबीत सांगितलं. ते हसले, “लावा साधी काच,” म्हणाले आणि वर गेले.

काच बदलली त्या सकाळी मी सवयीने वर पाहिलं. त्यांनी स्वतःच्याच खिडकीला आतून काळा कागद लावला होता. आमच्या दारात ऊन यावं म्हणून स्वतःची खोली अंधारी केली.

दोनच दिवसांत जिना उतरून त्यांची बायको आली. वर आता अंधार म्हणून ऊन शोधत आली असावी. हातात कॉफीची किटली आणि खजूर. सासूबाईंनी चटई पसरून जागा केली. एकीला अरबी येते, दुसरीला मराठी. दोघींचे गुडघे दुखतात, हे एकमेकींना बोटाने दाखवून झालं. मग रोजच ती खाली येऊ लागली.

थंडी सरत आली तेव्हा मी धीर करून विचारलं, “आई, तिकीट काढू का?”

त्या मेथी निवडत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, “ते राहू दे. तुला अरबी येते ना? उन्हाळ्यात दोघींनी बसायचं कुठे, तेवढं तिला विचार.”