रिकार्टनमधलं मेक्सिको

भूकंपानंतरची दोन वर्षं न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्च शहरातल्या उभ्या राहिलेल्या इमारती तपासणं हेच माझं काम होतं. आत माणसांनी जावं की नाही, ते मी लिहून द्यायचो.

शहराच्या रिकार्टन भागातल्या एका जुन्या विटांच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, मेक्सिकन कलेचं छोटं संग्रहालय होतं. मेक्सिकोहून आलेल्या सत्तरीच्या एका बाईंनी ते एकटीनं उभं केलं होतं. तीन खोल्यांत लाकडी मुखवटे, झाडाच्या सालीच्या कागदावर रंगवलेली गावं, फांद्याफांद्यांवर पक्षी बसलेली मातीची झाडं. "किया ओरा, आधी बघून घ्या, मग मोजा," असा तिथल्या माओरी भाषेत नमस्कार करून त्यांनी मला सगळं फिरवून दाखवलं. एका चित्रातल्या बाजारात टोपल्या घेऊन बसलेल्या बायका पाहून मला सासवडचा आठवडी बाजार आठवला. तिथून माझा पाय निघेना.

मग मी भिंत तपासली. ती मजल्याला कुठेच जोडलेली नव्हती. पुढचा मोठा धक्का आला तर भिंत बाहेर कोसळणार आणि मजला खाली येणार, हे उघड होतं. तरी मी तोच कोपरा पुन्हा पुन्हा मोजत राहिलो.

शेवटी म्हणालो, "इमारत धोकादायक आहे. पण एका वेळी चार-पाच माणसांनाच वर सोडलंत, तर काही महिने चालू ठेवा असं लिहिता येईल मला."

त्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "आमच्या शहरात भूकंप झाला तेव्हा माझी धाकटी बहीण शिवणकामाच्या कारखान्यात होती. इमारतीला आधीपासून भेगा होत्या. एक इंजिनिअर येऊन बघून गेला होता. तोही भला माणूस असेल. काही महिने चालेल, म्हणाला."

मी हातातली वही पुन्हा उघडली.

"जे दिसलं तेच लिहा," त्या म्हणाल्या. "आणि वस्तू कशा उतरवायच्या ते सांगा."

त्या दिवशी संग्रहालय बंद झालं. वस्तू काढायला परवानगी मिळाली, पण एका वेळी दोघांनीच वर जायचं, हेल्मेट घालून, तेही तासाभरापुरतं. सलग तीन शनिवार मी त्यांच्याबरोबर वर गेलो. माझी बायको खाली फुटपाथवर एकेक वस्तू हातात घेऊन आपल्या जुन्या सुती साड्यांत गुंडाळायची. एका मातीच्या झाडाची फांदी माझ्याच हातात मोडली. मी ओशाळून उभा राहिलो. बाई म्हणाल्या, "ही माझ्या हातून दोनदा मोडलीय. चला, वेळ संपत आलाय."

इमारत पाडली, तेव्हा त्या बघायला आल्या नाहीत. वर्षभर सगळं त्यांच्या गॅरेजमध्ये पडून होतं. मग जवळच्या एका शाळेनं आपल्या लाकडी बैठ्या इमारतीतली एक खोली दिली. तिथे अर्ध्याच वस्तू मावल्या, म्हणून दर सहा महिन्यांनी त्या बदलायच्या असं बाईंनी ठरवलं.

उद्घाटनाच्या सकाळी मी भिंतीला पक्कं केलेलं प्रत्येक कपाट ओढून पाहत होतो. त्या कॉफीचा कप घेऊन शेजारी उभ्या होत्या.

"घट्ट आहे?"

"आहे."

"नक्की?"

मी शेवटचं कपाट पुन्हा एकदा सगळा जोर लावून ओढलं. ते हललं नाही. मग त्यांनी दार उघडून लोकांना आत घेतलं.