माझ्या नावापुढची सही

मी लोणावळ्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करते. तेवीस वर्षांची होईपर्यंत आमच्या गावच्या ग्रामसभेला मी कधी गेले नव्हते. एकदा रहिवासी दाखला आणायला ग्रामपंचायतीत गेले, तर टेबलावर सभेच्या हजेरीचं रजिस्टर उघडं होतं. त्यात माझं नाव होतं आणि पुढे सही, पण ती मी केलेली नव्हती. त्याच सभेत गावचं गायरान एका रिसॉर्टला द्यायला गावाची हरकत नसल्याचा ठराव झाला होता.

"आबा, ही सही कुणी केली?" मी सरपंचांना विचारलं.

ते चिडले नाहीत. "पोरी, तुमी कुनी येता का सभेला? मानसं भरल्याबिगर सभा व्हत न्हाई."

मला राग आला.

पुढच्या सभेला रजा टाकून गेले. मैत्रिणींना सांगितलं होतं, त्यातली एकच आली. मागचा ठराव वाचून दाखवा, असं मी उभी राहून म्हणाले. "खाली बस, लय शिकलीस!" मागून कुणीतरी ओरडलं. तरी ठराव वाचला गेला. बऱ्याच बायकांना तो तेव्हा पहिल्यांदाच कळला.

मग आम्ही दोघींनी तालुक्याच्या कचेरीत तक्रार अर्ज दिला. त्याची पोच मिळाली, उत्तर आलं नाही. दिवाळीनंतर गायरानाला तारेचं कुंपण पडलं आणि शेजारच्या मावशींनी शेळ्या विकल्या.

"तुला तर वाचाया येतं," त्या मला म्हणाल्या, "मग आदी का न्हाई आलीस गं?"

त्यानंतरची एकही सभा मी चुकवलेली नाही. मावशींना मात्र काय सांगावं, ते मला अजून कळलेलं नाही.