किल्ल्यांचा जुडगा

आमच्या सरकारी कॉलेजात निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, की विभागाच्या किल्ल्या पुढच्या कायम प्राध्यापकाच्या हाती द्यायची रीत आहे. काल वनस्पतिशास्त्राच्या देसाई मॅडम निवृत्त झाल्या. त्यांच्या विभागात पुढचं कायम माणूस उरलेलंच नव्हतं. त्यांनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि किल्ल्या माझ्या हातावर ठेवल्या. मी मराठी शिकवतो. भूगोलाच्या किल्ल्या माझ्याकडे आधीपासूनच आहेत.

राज्याचा अर्थसंकल्प आला, की आम्ही वर्तमानपत्रात प्राध्यापकभरतीची ओळ शोधतो. कुठल्यातरी नियोजित इमारतीचं रंगीत चित्र सापडतं, ती ओळ सापडत नाही. कॉलेज बंद करतो, असं कोणीच म्हणत नाही. म्हटलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं. इथे फक्त गेलेल्या माणसाच्या जागी दुसरं माणूस येत नाही, आणि माझ्या खिशातला जुडगा चालताना जरा जास्त वाजतो.

आज सकाळी अनघा प्रयोगशाळेची किल्ली न्यायला आली. ती तासिका तत्त्वावर शिकवते. वनस्पतिशास्त्र आता सगळं तीच शिकवणार, पण कायम नसल्यामुळे नियमाने किल्ली तिच्या ताब्यात राहू शकत नाही. जुडग्यातली नेमकी किल्ली मला सापडेना. ती शांतपणे थांबली.

"सर, मे महिन्यात तुम्हीही निवृत्त होताय ना?"

"हो."

"मग जूनमध्ये मी किल्ली कोणाकडे मागू?"

समोरच प्रयोगशाळेच्या बंद दारापाशी मुलं जर्नलं घेऊन उभी होती. मी अजून किल्लीच शोधतोय, असं त्यांना वाटत होतं.