साडेआठ जीबीत काय काय मावतं

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते आपोआप साचतात. एक सांगायला घेतला की दुसरा म्हणतो, "अगं, मग तो दुसरा सांग ना!" आणि मग चहा गार होतो.

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर. काम म्हणजे पिक्चर डिस्कवर बसवायचा. आधी डीव्हीडी, मग ब्लू-रे. आता बहुतेक लोक जुन्या डिस्क घेऊन येतात आणि पेन ड्राइव्ह घेऊन जातात. माणसं चारच. मालक पाटकर सर. पिक्चर दाबून लहान करणारा बोरिवलीचा तावडे. तयार डिस्क शेवटपर्यंत बघून चुका काढणारी मढची हेमा कोळी. आणि मी, शिल्पा. मेनू, बटणं आणि कुठलं बटण दाबलं की कुठे उडी मारायची, त्या वाटा जोडणारी.

* * *

डिस्कवरची जागा ठरलेली असते. डबल लेयरची डीव्हीडी घेतली तरी साडेआठ जीबी. पिक्चर दीड तासाचा असो की साडेतीन तासांचा, त्यातच बसवायचा. लांबला की प्रत्येक मिनिटाच्या वाट्याला जागा कमी येते आणि चित्र फाटायला लागतं.

एक निर्माते आले होते. पिक्चर तीन तास वीस मिनिटं. शिवाय मेकिंग, ट्रेलर, मुलाखती आणि त्यांच्या सौभाग्यवतींचं मनोगत. पाटकर सरांनी त्यांना अर्धा तास समजावलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मग एक करा ना. पिक्चर जरा फास्ट चालवा. लवकर संपेल, जागा वाचेल!"

हेमाला हसू आवरेना. मी स्क्रीनमागे तोंड लपवलं. सरसुद्धा खिडकीबाहेर बघायला लागले.

तावडेने मान वर न करता सांगितलं, "हसताय काय? चालवतोच की आपण."

खरंच चालवतो! थिएटरातल्या पिक्चरला सेकंदाला चोवीस चित्रं, आपल्या टीव्हीला पंचवीस. तोच पिक्चर थोडा पळवायचा, तीन तासांतली सातेक मिनिटं अशीच जातात. आवाज किंचित बारीक होतो, पण कुणाच्या लक्षात येत नाही.

निर्माते निघताना तावडेला म्हणाले, "मनोगत तेवढं अजून फास्ट चालवा."

* * *

जागा खाणाऱ्या गोष्टी ठरलेल्या. लग्नातल्या अक्षता, गर्दी, हलणारी पानं, पाणी. जे सारखं बदलत राहतं ते नीट दाबता येत नाही. दोन माणसं भिंतीसमोर बसून बोलत असतील तर तावडे खूश.

एकदा मढच्या बंगल्यात शूट केलेला पिक्चर आला. बोलायचं म्हटलं की हिरो गच्चीवर जातो आणि मागे समुद्र! भांडण झालं, समुद्र. प्रेम जमलं, समुद्र. बाप वारला तरी मागे समुद्र. तावडे सकाळपासून त्याच्याशी झुंजत होता. शेवटी वैतागून ओरडला, "वाट लागली यार! हा समुद्र सगळी जागा खातोय!"

हेमा डबा उघडत होती. म्हणाली, "आमचं अंगण खाल्लंय त्याने. तुझी चकती काय घेऊन बसलास!"

* * *

डबल लेयर म्हणजे एकावर एक दोन थर. पहिला थर संपला की प्लेअरला दुसऱ्यावर जायला एक क्षण लागतो आणि तेवढ्यात पडद्यावरचं चित्र थिजतं. हा क्षण टाळता येत नाही, लपवता येतो. म्हणून तावडे पूर्ण पिक्चर बघून जिथे काही हलत नाही, कुणी बोलत नाही, अशी जागा शोधायचा.

एका कौटुंबिक पिक्चरमध्ये त्याला छान जागा मिळाली. मुलगी घर सोडून निघालीये. बाप खुर्चीत बसलाय. ती विचारते, "जाऊ मी?" बाप बघत राहतो. मग म्हणतो, "जा." त्या बघण्यात तावडेने थर बदलला.

बापाचं काम करणारे ज्येष्ठ नट स्वतः डिस्क बघायला आले. ऑफिसातला प्लेअर जुना, त्याला थर बदलायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागायचा. प्रसंग आला. "जाऊ मी?" बाप बघतोय. बघतोय. अजून बघतोय. सरांनी डोळे मिटले. आता डिस्क परत जाणार, परत सगळं काम!

"जा."

नट खुर्चीत मागे रेलले. मग आमच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "याला म्हणतात पॉज. पाहिलंत? पापणीसुद्धा लवली नाही माझी!"

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. सही करून गेले.

* * *

घाटकोपरचं एक लग्न होतं. मुलीकडच्यांना हवी त्यांची माणसं दिसणारी डिस्क, मुलाकडच्यांना त्यांची. सर म्हणाले, एकाच डिस्कवर दोन्ही देऊ. लग्न लागतं ते एकदाच भरायचं, कारण ते दोघांचं सारखंच. फक्त पाहुण्यांचे भाग वेगळे. मेनूवर दोन बटणं, 'वधूपक्ष' आणि 'वरपक्ष'. जे बटण दाबाल त्या वाटेने पिक्चर जाणार, मंगलाष्टकांना दोन्ही वाटा एक होणार, पंगतीला परत फुटणार.

डिस्क झकास झाली. फक्त पंगतीच्या फाट्यावर एक जोड चुकला. त्या दिवशी हेमा सुट्टीवर होती आणि डिस्क तशीच गेली. 'वधूपक्ष' दाबून मुलीच्या वडिलांनी सगळं घर जमवून लग्न पाहिलं आणि पंगतीला गाडी थेट वरपक्षात शिरली. तिथे मुलाचे काका कॅमेऱ्यात बघून सांगत होते, "जेवण ठीक होतं. जिलबी गार होती."

दुसऱ्या दिवशी मुलीच्या वडिलांचा फोन. सरांनी स्पीकर लावला, म्हणजे बोलणी सगळ्यांनी मिळून खावीत.

"पाटकर, तुमच्याकडे सगळं ओरिजिनल शूटिंग आहे ना?"

"आहे साहेब. तुमची डिस्क लगेच दुरुस्त करून—"

"ते करा हो सावकाश. आधी जिलबीची वाफ दिसतेय असा शॉट शोधा. आणि तो त्यांच्या बाजूला घाला!"

* * *

चोरून कॉपी करणाऱ्यांसाठी आम्ही एक युक्ती करायचो. डिस्कवर व्हिडिओ एकदाच भरलेला असतो, पण त्याचे तुकडे कुठल्या क्रमाने दाखवायचे ते अनेक तऱ्हांनी लिहून ठेवता येतं. मी खऱ्या क्रमाबरोबर ढीगभर खोटे घालायचे. सगळ्यांची लांबी तेवढीच. मेनूतून गेलं की पिक्चर बरोबर लागतो. कॉम्प्युटरवर कॉपी करायला गेलं की एका डिस्कवर पन्नास पिक्चर दिसतात. त्यातला खरा कुठला, ते ओळखायचं कसं?

एकदा भरदुपारी एक माणूस आला. हातात प्लास्टिकची पिशवी. आवरणावर मागे बारीक अक्षरात आमचा पत्ता असतो, तो वाचून आला होता.

"मॅडम, तुमच्या मालात लोचा आहे," तो म्हणाला. "बाप मेल्यावर परत जेवायला बसतोय. इंटरव्हलच्या आधीच हिरो-हिरॉइनला पोरगं. गिऱ्हाईक परत येतंय ना!"

मी विचारलं, "कुठून घेतलीत डिस्क?"

"घेतली कुठे? आम्हीच बनवतो. स्टेशनबाहेर माझा धंदा आहे."

सर केबिनमधून बाहेर आले. त्याच्याकडे बघत राहिले. मग अगदी नम्रपणे विचारलं, "किती गिऱ्हाइकं परत आली?"

"सगळी!"

सरांनी तावडेला हाक मारली. "तावडे, साहेबांना चहा सांग. स्पेशल!"

* * *

अलीकडचा एक.

मुलुंडहून परबकाकू आल्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या, मूळच्या मालवणकडच्या. सोबत सून. सुनेने घरातल्या सगळ्या जुन्या डिस्क पेन ड्राइव्हवर करून घेतल्या होत्या, दुसरीकडून. त्यात एका हौशी संस्थेचं नाटक होतं. काकूंचे यजमान त्या संस्थेत होते. चार वर्षांपूर्वी ते गेले.

"ह्येच्यात आमचे हे दिसनत नाय," काकू म्हणाल्या. "आधी दिसायचे."

सून म्हणाली, "आई, बाबा त्यात काम कुठे करत होते? ते आत विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करायचे."

"बटान दाबल्यावर दिसायचे. तेच दाबायचे बटान, आणि माका हाक मारायचे."

सुनेने मला जरा बाजूला घेतलं. "सॉरी हं. हल्ली त्यांचं असं होतं. परवा डॉक्टरकडे नेणार आहोत, डोक्याच्या. एकदा तुम्हीच सांगा ना की डिस्कमध्ये तेवढंच आहे. आमचं ऐकत नाहीत."

काकूंनी पिशवीतून मूळची डिस्क काढली. साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. तावडेने ती कॉम्प्युटरवर उघडली आणि मला बोलावलं.

"शिल्पा, हे बघ. नाटक दोन तासांचं आणि डिस्क काठोकाठ भरलीये. कसं काय?"

मी आत शिरून पाहिलं. व्हिडिओ एक नव्हता, दोन होते. संस्थेने दोन कॅमेरे लावलेले असणार आणि दोन्हीचं शूटिंग डिस्कवर शेजारी शेजारी गुंफून ठेवलेलं. रिमोटवर 'अँगल' नावाचं एक बटण असतं, कुणी दाबत नाही ते. ते दाबलं की आवाज तोच राहतो आणि दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्र येतं. पेन ड्राइव्हवर करून देणाऱ्याने एकच व्हिडिओ उचलला होता.

हेमाने जुना प्लेअर जोडला. डिस्क लावली. समोरून दिसणारं नाटक सुरू झालं. मी रिमोट काकूंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला, बटण बरोबर शोधलं आणि दाबलं.

दुसरा कॅमेरा डाव्या विंगेत होता. त्यात नट पाठमोरे, अर्धेमुर्धे. आणि त्यांच्या पलीकडे, समोरच्या विंगेत, स्टुलावर बसलेला एक बारीकसा माणूस. मांडीवर नाटकाची वही, नाकावर चष्मा, ओठ हलतायत.

सून हळूच खाली बसली आणि तिने सासूच्या पायावर हात ठेवला.

स्टेजवर जोरात भांडण चाललं होतं. काकू हेमाला म्हणाल्या, "आवाज बंद कर गो बाय."

"काकू, मग नाटक कसं कळणार?"

"कर बंद. ह्येंचा आयकाक येना नाय."

हेमाने आवाज बंद केला. ऑफिसात फक्त पंख्याचा आवाज. काकू पुढे सरकून बसल्या. पहिला अंक संपला, दुसरा लागला. आम्ही कामाला लागलो, पण कुणाचं लक्ष कामात नव्हतं. तिसऱ्या अंकात कधीतरी काकूंनी मान हलवली आणि पडद्याकडे बघत म्हणाल्या, "होय. आयकलंय मी."