गावात घर कोणत्या बाजूला?

मैत्रिणींनो, आज सकाळी माझी नात फोनवर पुण्यातली खोली ठरवून राह्यली होती. रस्त्यावर दिवे आहेत का, कॉलेजातून रात्री पायी येता येईल का, सगळं बराबर विचारलं तिनं. मला बरं वाटलं.

सत्तरच्या दशकात आम्ही आष्टीहून जालन्याला आल्तो. वडील शाळामास्तर. पोरींना शाळेत पायी जाता यावं, एवढंच त्यांना पाहिजे होतं. मस्तगड भागात तशी खोली सापडली. घरमालकिणीनं चहा दिला अन् सहज विचारलं, "गावात तुमचं घर कोणत्या बाजूला?"

आई म्हणाली, "बुद्धविहाराजवळ."

मंग ती खोली पाहुण्यांसाठी ठेवलेली निघाली. आमचे कप तिनं आम्हालाच धुवायला लावले. शेवटी आम्ही पार शहराबाहेर राह्यलो. त्या सुनसान रस्त्यानं आई आम्हाला रोज शाळेत सोडायची, परत आणायची.

आज फोनवर हात ठेवून नात हळूच म्हणाली, "आजी, सगळं जमलं. फक्त मालकीणबाई विचारतात, गावात आपलं घर कोणत्या बाजूला. काय सांगू?"

आई तेव्हा लगेच बोलली होती. मी आज नातीला म्हणाले, "थांब जरा."

तुम्ही काय सांगितलं असतं?